सगळीकडे चालणारी स्की कशी तपासतात? मल्टीक्रॉप थ्रेशर घेण्याआधी हे वाचा



सोयाबीनची सोंगणी जवळ आली की एक प्रश्न हमखास येतो. "सर, भाड्याने चालवायला मल्टीक्रॉप थ्रेशर घेऊ का? सोयाबीन, तूर, हरभरा, गहू, सगळं काढतं म्हणतात." या विषयावरच्या व्हिडिओत मी बर्फावरच्या स्कीचं उदाहरण घेतलं होतं, पण तिथे वेळ पुरला नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. आपल्या वाशिम जिल्ह्यात बर्फ दिसतो तो रसवंतीवर, तेव्हा स्कीचं इथे काय काम, असं वाटणं साहजिक आहे. पण "एकच वस्तू सगळ्या कामाला" हा दावा नीट कसा तपासायचा, हे स्की तपासणारे लोक फार शिस्तीने करतात. ती शिस्त आपल्या कामाची आहे.

आधी स्की म्हणजे काय ते बघू. बुटाला अडकवायची लांब, अरुंद पट्टी, पुढचं टोक वर वळलेलं. मधे लाकडाचा गाभा, त्यावर-खाली काचतंतूचे थर, तळाला गुळगुळीत प्लास्टिक आणि दोन्ही कडांना पोलादी पात. बूट जिथे अडकतो त्या खटक्याला बाइंडिंग म्हणतात. काश्मीरमधलं गुलमर्ग आणि उत्तराखंडमधली औली ही आपल्या देशातली स्कीइंगची मोठी ठिकाणं. तिथे जाणारा बहुतेक पर्यटक स्की विकत घेत नाही, भाड्याने घेतो. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताकडून एकटा उतरलेला आरिफ खान गुलमर्गजवळचाच, आणि त्याच्या वडिलांचं तिथे स्की साहित्याचं दुकान. म्हणजे स्की हा खेळ आहे तसाच दुकानदारीचा आणि भाड्याचा धंदाही आहे. भाड्याने देणारा माणूस वस्तू स्वतःसाठी निवडत नाही. तो वेगवेगळ्या वजनाच्या, वेगवेगळ्या सवयींच्या गिऱ्हाइकांसाठी निवडतो. थ्रेशर भाड्याने देणाऱ्याचंही तेच आहे.

"खेळकर" स्की म्हणजे नेमकं काय

स्कीचे प्रकार बरेच आहेत. शर्यतीची स्की मधे अगदी अरुंद, साधारण ६५ मिलिमीटर. घट्ट बर्फावर ती सुरीसारखी कापत जाते. ताज्या, खोल, भुसभुशीत बर्फाची स्की रुंद असते, ११० मिलिमीटर आणि त्याहूनही जास्त, कारण तिला बुडायचं नसतं, तरंगायचं असतं. या दोन टोकांच्या मधे "ऑल-माउंटन" स्की येते. नावातच दावा आहे की अख्ख्या डोंगरावर चालेल, दाबून सपाट केलेल्या उतारावर, झाडांमधून, उंचवट्यांवरून, खोल बर्फात.

त्यात "फ्रीस्टाईल" हा शब्द जोडला की आणखी कामं वाढतात. उड्या मारणं, गिरक्या घेणं, पाठमोरं घसरणं. त्यासाठी मागचं टोकही वर वळवलेलं असतं. अमेरिकेत जेसन लेविन्थल या तरुणाने १९९५ मध्ये आईवडिलांच्या गॅरेजमधून 'लाइन' नावाचा छोटा धंदा सुरू केला आणि दोन्ही टोकं वळलेल्या पट्ट्यांवर भर दिला. १९९८ मध्ये सॅलोमॉन या बड्या कंपनीची 'टेनएटी' स्की आली आणि हा प्रकार सगळीकडे गेला. आज या गटातल्या स्कीची मधली रुंदी साधारण ९५ ते १०५ मिलिमीटर असते.

आता "खेळकर" हा शब्द जाहिरातीतला वाटतो ना? पण त्यामागे मोजता येणाऱ्या गोष्टी आहेत. ट्रॉलीखालचा कमानपाटा आठवा. रिकामी ट्रॉली असली की पाटा कमानीत असतो, माल भरला की सपाट होतो, माल उतरवला की परत उसळतो. स्की जमिनीवर ठेवली तर तिचाही मधला भाग असाच थोडा वर उचललेला असतो. माणूस उभा राहिला की तो दबतो आणि कडा बर्फाला धरतात. याला कॅम्बर म्हणतात. खेळकर स्कीमध्ये मधे कॅम्बर ठेवतात, पण पुढची-मागची टोकं लवकर वर वळवतात, म्हणजे ती बर्फात अडकत नाहीत आणि वळणावर मागचा भाग सहज सुटतो. याला रॉकर म्हणतात. शिवाय टोकं मधल्या भागापेक्षा मऊ, वजन कमी, धातूचा पत्रा अगदी थोडा किंवा नाहीच, आणि बाइंडिंग स्कीच्या मध्याजवळ सरकवलेलं.

या प्रत्येक सोयीची किंमत मोजावी लागते, आणि आजचा मुद्दा इथेच आहे. टोकं मऊ आणि वळलेली असली की घट्ट बर्फावर वेगात ती फडफडतात. धातू नसला की वजन वाचतं, पण खडबडीत बर्फाचे दणके थेट पायाला लागतात. बाइंडिंग मध्याकडे आणलं की गिरकी सोपी होते, पण खोल बर्फात पुढचं टोक बुडायचा धोका वाढतो. म्हणून "सगळीकडे चालते" हे वाक्य चूक नसलं तरी अर्धवट आहे. तपासणाऱ्याचं काम उरलेलं अर्धं शोधायचं. कुठपर्यंत चालते आणि कुठे हात टेकते?

तपासणी बर्फावर जाण्याआधीच सुरू होते

मुरलेला तपासनीस स्की हातात घेतल्यावर आधी दोन पट्ट्या तळाशी तळ लावून बघतो. टोकाला फट कुठून सुरू होते, दोन्ही पट्ट्या सारख्या आहेत का. मग हाताने वाकवतो, टोक किती मऊ, मध्य किती ताठ. मग कडांवरून नखाची कोर फिरवतो, धार आहे की नाही. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण बऱ्याच तपासण्या इथेच फसतात. कडांना कारखान्यात धार नीट लागली नसेल तर उत्तम स्कीही घसरते, आणि दोष डिझाइनवर जातो. म्हणून आधी सगळ्या स्कींना सारखी धार, सारखं मेण. तुलना त्यानंतर.

मग बाइंडिंग. पडल्यावर बूट वेळेवर सुटला नाही तर गुडघा जातो. उगाच सुटला तर माणूस उतारावर फेकला जातो. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की करणाऱ्याची शैली बघून त्याचा आकडा लावतात. या भागाला तपासणीत गुण देत नाहीत. तो बरोबर असेल तर पुढे जायचं, नाहीतर स्की बाजूला ठेवायची.

बर्फावर गेल्यावर पहिला नियम, फेरी ठरलेली. तोच उतार, तोच क्रम. आधी सपाट केलेला उतार, मग उंचवटे, मग झाडांमधला मोकळा बर्फ, मग उड्यांचं मैदान. स्की बदलायची, फेरी बदलायची नाही. दुसरा नियम, ओळखीची एक स्की सोबत. दिवसाची सुरुवात तिच्यावर करायची आणि शेवटही तिच्यावरच. कारण सकाळी बर्फ कडक असतो, दुपारी मऊ होतो आणि पाय थकतात. दुपारी तपासलेली स्की जास्त आवडली, तर ते कौतुक स्कीचं की बर्फाचं? ओळखीच्या स्कीवर परत एक फेरी मारली की कळतं.

तिसरा नियम मला सगळ्यात आवडतो. फेरी संपली की आधी कागदावर लिहायचं, मग बोलायचं. चार जण एका दिवशी तपासत असतील आणि त्यातला ज्येष्ठ माणूस खाली येताच "वा, काय स्की आहे!" म्हणाला, तर बाकी तिघांच्या मनावर परिणाम होतोच. आपल्याकडे गावात कुठलंही यंत्र बघायला पाच जण गेले की काय होतं, आठवून बघा. ज्याचा आवाज मोठा त्याचं मत सगळ्यांचं होतं.

त्या कागदावर तपासणाऱ्याचं वजन आणि उंचीही लिहितात. ५५ किलोची मुलगी लिहिते "ताठ आहे", ९० किलोचा गडी लिहितो "मऊ आहे". दोघंही खरं सांगतात. वाचणाऱ्याने आपल्या वजनाच्या माणसाचं मत घ्यायचं. शिवाय एकाच स्कीवर बाइंडिंग एखाद-दोन सेंटिमीटर पुढे-मागे करून फेरी पुन्हा मारतात. पण एका वेळी एकच बदल. धारही बदलली आणि बाइंडिंगही सरकवलं, तर फरक कशामुळे पडला ते कधीच कळणार नाही.

आणि शेवटी अहवालात चांगला तपासनीस एक ओळ न चुकता लिहितो, ही स्की कोणासाठी नाही. "वेगात सरळ उतरणाऱ्याने घेऊ नये." "फक्त घट्ट बर्फावर जाणाऱ्याने घेऊ नये." माझ्या मते अख्ख्या अहवालात सगळ्यात मोलाची ओळ हीच. ज्या अहवालात ती नाही तो अहवाल मी जाहिरात समजतो.

चाळीस वेळा बनवलेली स्की

इथे हॉवर्ड हेडची गोष्ट सांगायलाच हवी. विमान कारखान्यातला हा अमेरिकन अभियंता स्की करायला गेला, जमेना, आणि त्याने दोष लाकडी स्कीला दिला. विमानासारखी धातूची हलकी स्की करू, म्हणून १९४७ मध्ये त्याने बाल्टिमोरमध्ये ॲल्युमिनियमच्या सहा जोड्या बनवल्या. व्हरमाँटच्या डोंगरावर नेऊन त्या प्रशिक्षकांच्या हातात दिल्या. प्रशिक्षकांनी वाकवून पाहिल्या आणि सहाच्या सहा मोडल्या.

त्यानंतर त्याने काय केलं ते बघा. तो स्वतः कच्चा स्कीअर होता, आपल्याला वस्तूचा कस लावता येणार नाही हे त्याने ओळखलं. म्हणून नवी जोडी बनवायची, डोंगरावरच्या पक्क्या माणसाकडे पाठवायची, मोडून परत आली की कुठे मोडली ते बघून तेवढंच सुधारायचं. असं तीन हिवाळे चाललं. जवळपास चाळीस आवृत्त्यांनंतर १९५० मध्ये ती स्की बाजारात आली आणि पुढे हेड हे नाव जगभर झालं. ज्यांना त्याने वस्तू दिली त्यांचा तिच्या विक्रीत काही फायदा नव्हता. त्यांनी बिनधास्त मोडली, म्हणून ती सुधारली. आपण मात्र नवीन मसाला चाखायला मेव्हण्याला देतो आणि तो "एक नंबर" म्हणाला की पाकिटं छापायला टाकतो!

आता खळ्यावर या

मल्टीक्रॉप थ्रेशर म्हणजे आपल्या शिवारातली ऑल-माउंटन स्की. पिकं बदलतात तसा डोंगर बदलतो. सोयाबीनचा दाणा नाजूक, जोरात मार लागला की त्याची डाळ होते. तुरीची काडी जाड, तिला जोर लागतो. हरभऱ्याचे घाटे वेगळे, गव्हाची ओंबी वेगळी. अलीकडे आपल्या जिल्ह्यात चियाही होतोय, त्याचा दाणा इतका बारीक की चाळणी आणि पंख्याची हवा दोन्ही बदलावं लागतं. एकच ड्रम हे सगळं करणार, तर कुठेतरी तडजोड असणारच. ती कुठे आहे, हे कर्जाचा पहिला हप्ता जाण्याआधी तुम्हाला माहीत पाहिजे. सोयाबीनचा हंगाम काही आठवड्यांचा. त्यात दोन गंज्या खराब काढल्या की तिसऱ्या शेताचा मालक दुसऱ्या गाडीला फोन लावतो.

धार-मेणाच्या जागी इथे ड्रमची गती. ट्रॅक्टरचा पीटीओ साधारण ५४० फेऱ्यांचा, पण ड्रम किती फिरतो ते पुलीवर ठरतं. सोयाबीनचं बियाणं ठेवायचं असेल तर ड्रमच्या फेऱ्या मिनिटाला ३५० ते ४०० च्या आसपास ठेवायला सांगतात. घाईत रेस वाढवली की काम भराभर होतं आणि दाणाही भराभर फुटतो. म्हणून डेमोच्या वेळी फेऱ्या मोजायचं छोटं यंत्र, टॅकोमीटर, घेऊन जा. विक्रेत्याचा ऑपरेटर गती किती ठेवतो ते बघा, आणि मग तुमच्या गावचा ड्रायव्हर कशी ठेवेल त्या गतीवरही चालवून बघा. गिऱ्हाइकाच्या शेतात विक्रेत्याचा ऑपरेटर येणार नाही.

बाइंडिंगच्या जागी माल टाकायचं तोंड. हात आत जाऊन बोटं, पंजे गेल्याच्या घटना आपल्याकडे काही नव्या नाहीत. धोकादायक यंत्रांसाठीचा केंद्राचा कायदा १९८३ चा आहे आणि त्यात मळणीयंत्र येतं. मानकानुसार माल टाकायची नळी किमान ९० सेंटिमीटर लांब आणि त्यातला ड्रमकडचा ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला हवा. टेप घेऊन मोजा. कमी भरली तर पुढची तपासणी करायची गरज नाही, यंत्र कितीही स्वस्त असो. तुमच्या यंत्रावर काम करणारी माणसं गावचीच असणार आहेत.

फेरीच्या जागी गंजी. एकाच शेतातल्या, एकाच जातीच्या सोयाबीनच्या गंजीचे दोन भाग करा. ऑक्टोबरमध्ये सकाळी दव असतं, शेंग ओलसर असते, दाणा शेंगेत राहतो. दुपारी शेंग कडक वाळते, दाणा फुटतो. म्हणून एक भाग सकाळी नऊला, दुसरा दुपारी दोनला काढा. जुनं, ओळखीचं थ्रेशर शेजारी मिळालं तर त्यावरही थोडा माल काढा. ती तुमची ओळखीची स्की.

मोजायचं काय? दाण्याच्या तोंडातून एक किलो नमुना घ्या, फुटलेले दाणे वेगळे करून काट्यावर ठेवा. ४० ग्रॅम भरले तर ४ टक्के. मग मागे कुटार पडतं तिथे ताडपत्री अंथरा आणि कुटारात गेलेले अख्खे दाणे चाळून काढा. लोक बहुधा हेच विसरतात, कारण पोत्यात स्वच्छ माल दिसला की मन भरतं. १०० क्विंटलमागे २ टक्के दाणा कुटारात गेला तर २ क्विंटल गेलं. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने ते १०,६५६ रुपये होतात, आणि ते ज्याचे गेले तो शेतकरी आज नाही तर उद्या कुटार चाळून बघणारच. डिझेल मोजायला टाकी काठोकाठ भरून सुरुवात करा आणि शेवटी परत काठोकाठ भरा.

चाळणी, जाळी आणि पुली बदलून सोयाबीनवरून हरभऱ्यावर यायला किती वेळ लागतो, तेही घड्याळ लावून बघा. विक्रेता म्हणेल "पाच मिनिटं". त्याला म्हणा, "भाऊ, बदलून दाखवा." नट-बोल्ट कुठे आहेत, दोन माणसं लागतात की एक, पाना कोणता लागतो. "सगळ्या पिकांना चालतं" या वाक्याची खरी किंमत इथे कळते. बदलायला दोन तास लागत असतील तर ऐन घाईत तुम्ही बदलणारच नाही, चुकीच्या चाळणीवरच माल काढाल.

कागदावर ट्रॅक्टरची ताकद लिहायला विसरू नका. ३५ एचपीवाला म्हणेल "यंत्र दबतं", ५० एचपीवाला म्हणेल "मस्त चालतं". दोघंही खरं सांगतात, वर बघितलं तसंच. आधीच्या मालकांची मतं घ्यायला दुसऱ्या तालुक्यात जा. कारंजा-मानोऱ्याचा माणूस तुमचा स्पर्धक नाही, तो मोकळेपणाने बोलेल. ज्याने निदान दोन हंगाम काढलेत त्यालाच विचारा, आणि प्रश्न एकच ठेवा, "कोणत्या पिकाला तुम्ही हे यंत्र नेत नाही?"

अनुदानाचं थोडक्यात. महाडीबीटीवर अर्ज केला असेल तर पूर्वसंमती येण्याआधी खरेदी करू नका. यंत्राचा सरकारमान्य संस्थेचा चाचणी अहवाल मागा. मध्य प्रदेशातली बुधनी इथली केंद्राची संस्था हे काम करते. अहवाल हातात आला की पहिल्यांदा बघा, चाचणी कोणत्या पिकावर झाली आहे. गव्हावरचा अहवाल सोयाबीनच्या दाण्याबद्दल काही सांगत नाही. शंका असेल तर रिसोड तालुक्यात करड्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. तिथे जाऊन विचारायला फी लागत नाही.

एक दोष मात्र डेमोच्या दिवशी दिसत नाही. स्कीचंही असंच असतं. एका दिवसात वळण कळतं, पण थर सुटणं, कडेला तडा जाणं हे पूर्ण हंगाम वापरल्यावरच समजतं. सोयाबीनच्या दाण्याला आतून बसलेला मार वरून दिसत नाही. तो जूनमध्ये दिसतो, पेरलेलं उगवलं नाही की. म्हणून डेमोच्या दोन्ही भागांतलं किलोभर बियाणं वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, वर गती आणि वेळ लिहा. हात स्वच्छ धुऊन, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा. आठवडाभरात मोजा. सोयाबीन बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. सकाळच्या पिशवीत ७८ आणि दुपारच्या पिशवीत ५५ आले, तर दुपारी हे यंत्र बियाण्याच्या गंजीला न्यायचं नाही, हे तुम्हाला पहिल्या गिऱ्हाइकाच्या आधी कळलेलं असेल. हा आकडा वहीत लिहा, आणि बियाणं ठेवणाऱ्या शेतकऱ्याला फोनवरच सांगा, "काका, तुमची गंजी आपण सकाळी काढू."